सल्ला हवा: चॉकीच्या खोलीत पेलेट शेगडी बसवली, पण थर्मोस्टॅटचं गणित जमेना

तुतीवाला_अंबड
नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यातून, जालना जिल्हा. आम्ही दोघं भाऊ रेशीम करतो. औंदा स्वतःची चॉकी, म्हणजे अंड्यातून निघालेल्या बारक्या अळ्या वाढवायचं काम, सुरू केलंय; दुसऱ्यांदा कात टाकून उठल्या की अळ्या आसपासच्या शेतकऱ्यांना देतो. खोली २० बाय १४ फूट, वर पत्रा, आतून थर्माकोल.

मागच्या हिवाळ्यापर्यंत कोळशाची शेगडी ठेवायचो. एका पहाटे भाऊ पाला टाकता टाकता चक्कर येऊन खाली बसला. त्या दिवशी शेगडी बाहेर काढली ती कायमची. यंदा धुराडं असलेली पेलेट शेगडी घेतली. पऱ्हाटीचे पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या, जवळच मिळतात, धूर सगळा पाइपातून बाहेर जातो, तिथं काही तक्रार नाही.

तक्रार थर्मोस्टॅटची आहे. भिंतीवरचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आठवड्याचा प्रोग्रॅम असलेला. बसवायला आलेल्या माणसानं २७ लावून दिलं आणि गेला, आता फोन उचलत नाही. रात्री १० वाजले की आकडा आपोआप १७ वर येतो आणि शेगडी विझते. मी उठून परत २७ करतो, सकाळी ८ ला पुन्हा तेच. शिवाय चालू असते तेव्हाही सारखी पेटती-विझती. परवा पहाटे ४ ला काचेच्या तापमापीवर २१ होतं, पेटल्यावर तासाभरात ३१. शंभर अंडीपुंजांच्या (एका मादीची अंडी म्हणजे एक पुंज) अळ्यांपैकी निम्म्या कातीवर बसल्या, म्हणजे खाणं थांबवून कात टाकायला गप्प झाल्या, आणि निम्म्या खातच राहिल्या. अशी बॅच लोकांना कशी द्यायची? ज्यांनी बुकिंग केलंय त्यांचं अख्खं पीक आमच्या या आठ-दहा दिवसांवर उभं असतं. कुणी असं काही चालवत असेल तर सांगा.

वायरमन_परभणी
भाऊ, थर्मोस्टॅट बिघडलेला नाही. तो थंड मुलखातल्या राहत्या घरासाठी बनवलाय. त्यात दिवसाचे चार भाग कंपनीतूनच भरून येतात: उठायची वेळ, कामावर जायची, परत यायची आणि झोपायची. माणसं कामावर गेली की घर गार पडलं तरी चालतं, रात्री गोधडीत शिरली तरी चालतं, म्हणून त्या दोन भागांत तो आकडा स्वतःच खाली आणतो. तुमचे रात्रीचे १० आणि सकाळचे ८ हे तेच. बसवणाऱ्यानं बाणाचं बटण दाबून २७ केलं, पण ते तात्पुरतं असतं. पुढचा भाग लागेपर्यंतच टिकतं.

आपल्याकडं सगळं उलटं. डिसेंबरातही दुपारी पत्रा तापतो, शेगडी लागत नाही. खरी गरज रात्री १० पासून सकाळी ९ पर्यंत. आणि अळीला सोमवार-रविवार काही नाही, तिचं कॅलेंडर कातीचं. म्हणून आठवड्याचा प्रोग्रॅम भरत बसू नका. आकडा लावा आणि 'होल्ड' दाबा. काही मॉडेलात दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागतं. स्क्रीनवर होल्ड ही अक्षरं टिकून राहिली पाहिजेत, ती दिसली तरच झालं. मग जोवर तुम्ही बदलत नाही तोवर तोच आकडा.

हे झालं पहिल्या दुखण्याचं. दुसऱ्यासाठी तीन गोष्टी सांगा. थर्मोस्टॅट नेमका कुठं लावलाय? किती अंश उतरल्यावर शेगडी पेटवायची, तो फरक किती ठेवलाय? शेगडीच्या स्वतःच्या पॅनलवर 'ऑन-ऑफ' आहे की 'हाय-लो'?

तुतीवाला_अंबड
होल्ड सापडलं दादा! पाच सेकंद धरावं लागलं. रात्रभर २७ राहिलं, मी पहिल्यांदा सलग झोपलो.

थर्मोस्टॅट दाराशेजारी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. फरक अर्धा अंश आहे, तसाच आला होता. पॅनलवर ऑन-ऑफ.

कोंबडीवाला_उदगीर
एवढं कशाला करायलात राव. इन्क्युबेटरला लावतात तो एसटीसी-१००० कंट्रोलर आणा, स्वस्त आहे. एफ१ मध्ये तापमान, एफ२ मध्ये फरक, एफ४ मध्ये सेन्सरची चूक दुरुस्त करायची. सेन्सर लांब वायरीवर असतो, पाहिजे तिथं टांगा. शेगडीची २३० व्होल्टची लाइन त्याच्या हीटिंगच्या रिलेतून घ्या. २७ झालं की लाइन कट, उतरलं की चालू. माझ्या पिल्लांच्या शेडला तीन वर्षं असंच चालू आहे.

वायरमन_परभणी
उदगीरवाले भाऊ, तुमच्या शेडमध्ये कॉइलचा हीटर असणार. त्याला हे बरोबर आहे, लाइन गेली की उष्णता गेली. पेलेट शेगडीला हे कुणीही करू नका, हात जोडून सांगतो.

आत काय चालतं ते एकदा बघा. थर्मोस्टॅटनं उष्णता मागितली की स्क्रू फिरून मूठभर पेलेट भांड्यात पडतात, पेटवणारी कांडी चार-पाच मिनिटं लाल होते, जाळ धरतो, मग गरम हवेचा पंखा सुरू होतो. खोलीत ऊब जाणवायला दहा-पंधरा मिनिटं जातात. बंद करायचं झालं की ती आधी फक्त पेलेट टाकायचं थांबवते. भांड्यातले जळून संपेपर्यंत आणि अंग गार होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं धूर ओढणारा पंखा फिरत राहतो. तुम्ही मध्येच लाइन तोडली की भांड्यात निखारा आहे आणि धूर ओढणारं कुणी नाही. तो धूर खोलीत येतो. अळीला धूर अजिबात सोसत नाही, आणि अंबडच्या भावांच्या घरात एकदा काय झालं ते वर लिहिलंच आहे. निखारा स्क्रूच्या नळीतून मागं टाकीकडं सरकायचीही भीती असते.

एसटीसी-१००० वापरायचाच असेल तर त्याचे हीटिंगचे दोन पॉइंट, म्हणजे ५ आणि ६, हे नुसते कोरडे स्विच आहेत, त्यातून आपोआप करंट येत नाही. ते शेगडीच्या थर्मोस्टॅटच्या दोन स्क्रूंना जोडा. त्या स्क्रूंवर २३० व्होल्ट चुकूनही देऊ नका, बोर्ड जळेल. शेगडीची मेन लाइन कायम चालू. मागायचं काम कंट्रोलरचं, पेटायचं-विझायचं काम शेगडीचं तिच्या क्रमानं.

आता अंबडकर, तुमचं अर्धा अंश. पेटायला पंधरा मिनिटं आणि विझायला वीस, अशा यंत्राला अर्ध्या अंशावर नाचवलं तर ते कधीच स्थिर होणार नाही. २७ ला 'बस' म्हणेपर्यंत भांड्यात जाळ असतो, तो जळत जळत ३० च्या वर नेतो. मग विझणं चालू असताना २६.५ होतं, पण गार झाल्याशिवाय शेगडी परत पेटवून घेत नाही, तोवर खोली उतरलेली. तुमचे २१ आणि ३१ इथून आलेत. शिवाय प्रत्येक पेटवणीला कांडी झिजते, आणि या शेगडीत आधी जातो तो तोच पार्ट.

रात्री पॅनल 'हाय-लो' वर ठेवा. मग २७ झालं की शेगडी विझत नाही, जाळ बारीक करून धरून ठेवते, आणि उतरलं की मोठा करते. फरक १ अंश करा. सकाळी ९-१० ला ऊन चढलं की 'ऑन-ऑफ' वर आणून विझू द्या. दिवसातून एकच पेटवणी पुरते.

गेवराईची_चॉकी
वायरमन दादांनी यंत्राचं नीट सांगितलं. मी अळीच्या बाजूनं सांगते, सहा वर्षं चॉकी करते.

दादा, तुमचा थर्मोस्टॅट दाराचं तापमान मोजतोय. दार दिवसातून किती वेळा उघडतं? आत रॅकवर काय आहे ते त्याला कसं कळणार? तो रॅकच्या मधल्या ट्रेच्या उंचीला आणा, शेगडीच्या झोतापासून लांब आणि ट्रेत ओल राखायला ठेवतो त्या ओल्या फोमपट्ट्यांना न चिकटवता. शेजारी ओला-सुका तापमापी (आर्द्रताही कळते तो) टांगा आणि दोन्ही आकडे जुळतात का ते रात्री बघा. गरम हवा पत्र्याखाली जमते. माझ्याकडं सगळ्यात वरच्या आणि खालच्या ट्रेत चार अंशांचा फरक निघाला होता. तेव्हापासून दर वेळी पाला टाकताना वरचे ट्रे खाली आणि खालचे वर करते. निम्म्या अळ्या कातीवर आणि निम्म्या खातायत, याचं मोठं कारण हेच असतं.

आकडे असे ठेवा. पहिल्या अवस्थेत, म्हणजे पहिली कात टाकेपर्यंत, २७ ते २८, आर्द्रता ८५ ते ९०. दुसरीत २७, आर्द्रता ८५ च्या आसपास. कातीवर बसल्या की मात्र खोली कोरडी पाहिजे: पॅराफिन पेपर आणि फोमपट्ट्या काढा, चुन्याची भुकटी टाका, आर्द्रता ७० पर्यंत येऊ द्या, तापमान एखादा अंश कमी केलं तरी चालतं. निदान ९५ टक्के अळ्या उठल्याशिवाय पहिला पाला टाकायचा नाही. म्हणजे थर्मोस्टॅटला हात लावायचा तो एका बॅचमध्ये तीन-चार वेळा, कात बघून. पुढं शेतकऱ्याच्या शेडवर चौथ्या अवस्थेला २५ आणि पाचवीला २४ पुरतं, त्यांना तसं सांगून द्या. प्रौढ अळीला चॉकीची ऊब दिली तर उलट नुकसान.

आणि शेगडी हवा कोरडी करते हे विसरू नका. पहिल्या दिवशी माझी चिरलेली पानं तीन तासांत कडक झाली होती. गरम हवेच्या वाटेवर ओलं गोणपाट टांगा, खाली पाण्याचं घमेलं. पण थंडी आणि ओल एकत्र झाली की पांढरी मस्कार्डाइन ही बुरशी धरते, अळी खडूसारखी होऊन मरते. म्हणून आधी ऊब, मग ओल. रात्री शेगडी बंद पडली तर गोणपाट आधी काढा.

पेलेटची टाकी खोलीत आहे की बाहेर?

तुतीवाला_अंबड
टाकी खोलीतच आहे ताई. आणि आता लक्षात आलं, खालचे पेलेट फुगून भुसा झालेत. परवा स्क्रू अडकला होता तो त्यानेच.

वायरमन_परभणी
त्यानेच. ८५ टक्के दमटपणात पेलेट टिकत नाही. शेगडी भिंतीपलीकडं व्हरांड्यात न्या, फक्त गरम हवेचा पाइप आत सोडा. जाळाला लागणारी हवाही बाहेरचीच मिळेल. पऱ्हाटीच्या पेलेटला लाकडाच्या भुश्यापेक्षा राख बरीच जास्त आणि ती वितळून खंगर होते. रोज सकाळी विझल्यावर भांड्याची भोकं खरवडा. भोकं बुजली की जाळ पिवळा आणि आळशी होतो, आणि तुम्ही दोष द्याल थर्मोस्टॅटला.

तुतीवाला_अंबड
बारा दिवसांनी लिहितोय. शेगडी व्हरांड्यात गेली, भिंतीत भोक पाडून पाइप आत घेतला. थर्मोस्टॅट दोन तारांची वायर वाढवून तिसऱ्या ट्रेजवळ आणला, चुना उडू नये म्हणून वर भोकं पाडलेला डबा. फरक १, रात्री हाय-लो. भावानं वहीत दर दोन तासांनी आकडा लिहिला. बाहेर ९-१० असलेल्या रात्रीही आत २६ च्या खाली आणि २८ च्या वर एकदाही गेलं नाही. ट्रे खालवर करतोय.

काल दुसरी कात बसली. संध्याकाळी बघितलं तर ट्रेच्या ट्रे मान वर करून गप्प, पाला जसाच्या तसा. इतका एकसारखा बसलेला ट्रे मी आमच्या घरात पहिल्यांदा बघितला. आई हात न लावता नुसती बघत उभी होती.

एकच राहिलं. लाइट गेली तर काय? आमच्याकडं रात्री कधी कधी तास-दोन तास जाते.

वायरमन_परभणी
इन्व्हर्टर लागेलच, त्याच्याशिवाय ही शेगडी रात्री चालवू नका. पंखे आणि स्क्रू मिळून साधारण १०० वॅट, फक्त पेटवताना चार-पाच मिनिटं ३००-४०० च्या आसपास. हाय-लो वर असेल तर पेटवायची वेळच येत नाही. १५० एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर सात-आठ तास निघतील. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, चौकोनी वेव्हवर धुराच्या पंख्याची मोटर घूं घूं करते आणि तापते. थर्मोस्टॅट सेलवर आहे, त्याला लाइटशी देणंघेणं नाही, पण सेल दर हिवाळ्याच्या सुरुवातीला नवे टाका. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो खोलीत लावा. भाऊ रात्री तिथंच झोपत असेल तर नक्की.

कोंबडीवाला_उदगीर
मी वर लाइन तोडायचं लिहिलं होतं ते चुकीचं होतं, वाचणाऱ्यांनी करू नका. दादा, मलाही कॉइल काढून पेलेटवर जायचंय, लाइट बिल परवडेना. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३३-३४ लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत न्यायचं. हाय-लो तिथंही चालेल ना?

वायरमन_परभणी
चालेल. पण शेड केवढं, पिल्लं किती, पडदे कसले, ते लिहा. नवीन धागा काढा, तिथं बोलू.

गेवराईची_चॉकी
अंबडचे दादा, उद्या अळ्या उठल्या की किती टक्के एकदम उठल्या ते इथं लिहा. आणि पहिल्यांदा अळ्या नेणाऱ्यांना पहाटेच्या गारठ्यात नेऊ देऊ नका, सकाळी ९ नंतरच गाडीत ठेवा.

तुतीवाला_अंबड
आताच बघून आलो. पहाटे ५ ला तुरळक, ९ वाजता सगळे ट्रे हलायलेत. हाताला लागणारी झोपलेली अळी शोधावी लागतेय. चुना झाडून पहिला पाला टाकतोय, गाडी ११ ला बोलावलीय.