चर्च बंद, पण माणसं सुटू नयेत यासाठी काय काय करता येईल? (पुणे)

सचिव_नगररोड · २ मे २०२१, रात्री ९.४०

कोविडमुळे गेल्या वर्षी मार्चमध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळं थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. यंदा ईस्टर झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिलला, पुन्हा कुलूप. तेव्हा गेल्या वेळसारखं 'पुढच्या रविवारी बघू' करत न बसता नीट घडी बसवायची आहे.

आमच्या चर्चची साधारण २८० घरं, ९ झोन (वस्तीवार गट). मराठी, इंग्रजी आणि तमिळ अशा तीन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना). मराठी मिस्सेला येणारे बरेचसे नगर, श्रीरामपूर, संगमनेरकडून आलेले. घरकाम, रंगकाम, सिक्युरिटी अशी कामं, आणि त्यातली निम्मी सध्या बंद. साठीच्या पुढच्या अनेकांकडे बटणाचाच फोन आहे.

अडचणी अशा. फादर रोज मिस्सा लाइव्ह करतात, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. बटणाचा फोन असलेल्यांपर्यंत काहीच पोचत नाही. आजारी माणसांचे संस्कार, घरी करायचा बाप्तिस्मा, फोनवरून पापनिवेदन यावर ग्रुपमध्ये रोज नवा फॉरवर्ड येतो. आणि यूपीआयवर आलेले पैसे मिस्सेचे (कोणासाठी तरी मिस्सा अर्पण करायला दिलेले) की दानाचे, तेच कळत नाही. ज्यांना यातलं ठाऊक आहे त्यांनी कृपया नेमकं सांगावं.

आवाजवाला · २ मे, रात्री ११.१५

आवाज घुमतो तो रिकाम्या चर्चमुळे, फोन बिचारा निर्दोष आहे. माणसं बसलेली असली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज शोषून घेतात; बाकं रिकामी असली की तोच आवाज फरशी-भिंतींवरून परत येतो. त्यात फोन चौथ्या बाकावर ठेवलात की फादरांपेक्षा भिंतीचंच जास्त ऐकू येणार. महागडा कॅमेरा घेऊन यात तसूभर फरक पडत नाही.

पहिलं काम फुकटातलं: माइक जोडलेला आवाजाचा मिक्सर चालू ठेवा, अँप्लिफायर बंद करा. समोर कोणी नाही, मग मोठे स्पीकर कोणासाठी? निम्मा घुमारा तिथेच जातो.

मग मिक्सरच्या 'रेक आउट' किंवा 'ऑक्स' लिहिलेल्या खाचेतून वायर काढून फोनला द्या. थेट मात्र जोडू नका. मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइनच्या पातळीचा, फोनला हवा माइकच्या पातळीचा; थेट दिलात तर आवाज फाटतो. मध्ये सिग्नल हलका करणारा २० ते ४० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर किंवा छोटं यूएसबी साउंड कार्ड लावा. फोनकडची पिन चार पट्ट्यांची हवी. तीन पट्ट्यांची घातली तर फोन तिला हेडफोन समजतो आणि स्वतःचाच माइक चालू ठेवतो. बाहेरून सगळं जोडलेलं दिसतं, आवाज मात्र तसाच विहिरीतला. निम्मे लोक इथेच फसतात. तपासायला फोनच्या खालच्या माइकच्या भोकावर नखाने टकटक करा आणि रेकॉर्डिंग ऐका. टकटक ऐकू आली तर मिक्सरचा आवाज फोनमध्ये जातच नाहीये.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर. वेदीचा आणि वाचनमंचाचा असे दोन्ही माइक एकदम उघडे ठेवू नका. वाचन चालू असताना वेदीचा खाली. आणि उभा पंखा माइककडे तोंड करून नको, फरफर येते.

नेट: ७२०पी पुरे, २५०० केबीपीएस. अपलोड निदान ५ एमबीपीएस हवा, आणि तो मिस्सेच्याच वेळी मोजा; दुपारी तीनला मोजलेला आकडा संध्याकाळी सातला उपयोगाचा नाही. तासाला साधारण १.१ जीबी जातो, म्हणजे दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये फार काही उरत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वाय-फाय चालू ठेवा, नाहीतर प्रवचनात कोणाचा तरी कॉल येतो आणि लाइव्ह तुटतं. कव्हर काढा, या उन्हाळ्यात चार्जिंगवर ठेवलेला फोन अर्ध्या तासात तापून बंद पडतो. गुरुवारची दुरुस्तीची वीजकपात पुण्यात नवी नाही, त्यामुळे गुरुवारची आराधना ठेवायची तर राउटरला छोटा यूपीएस लावून ठेवा.

यूट्यूबचा नवा चॅनल असेल तर लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. नोंदणी शुक्रवारीच करा, रविवारी सकाळी नाही. गायनाला रेकॉर्ड केलेले ट्रॅक वाजवू नका, हक्काचा दावा येऊन आवाज बंद होतो. एक गायक आणि एक कीबोर्ड, तेवढं छान होतं.

समूह_समन्वयक · ३ मे, सकाळी ८.०५

लाइव्ह सुधाराच, पण माझं मत विचाराल तर तो दुसरा विषय. लाइव्ह बघणारा माणूस तुम्हाला दिसत नाही. कोण बघेनासा झाला हेही कळत नाही. पहिला विषय घराघराच्या नोंदींची वही.

२८० भागिले ९, म्हणजे झोनला ३१ घरं. झोनप्रमुखाने एकट्याने ३१ फोन करायचे ठरवलं तर पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात दहा घरं सुटतात, तिसऱ्यात काम बंद. म्हणून झोनमध्ये चार फोन करणारे, प्रत्येकाकडे आठ घरं, आठवड्यातून दोनदा. एका फोनला सात-आठ मिनिटं धरा, दोन दिवस मिळून दोन तास. तेवढं कोणीही देतं. तरुण आणि पन्नाशीच्या बाया मिसळा. तरुण लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी करतील, बाया घरातलं खरं काढून घेतील.

वहीत रकाने: कोण एकटं राहतं, फोन कसला आहे, घरात कोणती भाषा, रोजची औषधं, काम चालू की बंद, गॅस कधी भरला, शेवटचं बोलणं कधी. व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल फिरवू नका. कोणाला कोविड झालाय ते चाळीत आधी पोचतं आणि मग ते घर आजार लपवायला लागतं. वही झोनप्रमुखाकडे, आकडे फक्त फादरांकडे आणि गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या मंडळाकडे.

फोनवर 'काही लागतं का?' विचारू नका. उत्तर नेहमी 'नाही, देवाच्या कृपेने ठीक आहे.' त्याऐवजी 'काल रात्री काय केलं होतं जेवायला?' विचारा. 'चहा-बटर खाल्लं' असं आलं की समजायचं. औषधांचंही तसंच: 'गोळ्या आहेत ना?' नको, 'पाकिटात किती उरल्यात, बघून सांगता का?' म्हणा.

शिधा: चार माणसांना पंधरा दिवसांसाठी तांदूळ ५ किलो, गव्हाचं पीठ ५ किलो, तूरडाळ २ किलो, तेल २ लिटर, साखर १ किलो, चहा पाव किलो, मीठ, तिखट, हळद, दोन अंगाचे आणि दोन कपड्यांचे साबण. पीठच द्या, गहू नको. गिरण्यांच्या वेळेचा भरवसा नाही. दुकानं ७ ते ११च उघडी असल्याने सामान आदल्या दिवशी सांगून ठेवा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला शिधा देऊन फायदा नाही, त्याला डबा लागतो. शेजारच्याच घराला जास्तीचं पीठ देऊन तिथून दोन पोळ्या ठरवा. पिशवी दारात ठेवून फोन करायचा. फोटो अजिबात नाही.

आता बटणाचा फोन. बहुतेक फोनवर कॉन्फरन्समध्ये आपण धरून सहाजण बसतात. जपमाळेची रहस्ये (तिचे भाग) पाच. म्हणजे पाच घरं, प्रत्येकाचं एक रहस्य, आणि सहावा लावून देणारा. वीस मिनिटांत होते. गडबड होते ती प्रत्येक 'नमो मरिया'च्या उत्तरार्धात, म्हणजे सगळ्यांनी उत्तर द्यायचं तिथे: सगळे एकदम बोलायला लागले की प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोचतो आणि गोंधळ माजतो. म्हणून नियम करा, 'नमो मरिया' एक घर म्हणेल, उत्तर ठरवलेलं एकच घर देईल, बाकीचे आपापल्या घरात मोठ्याने म्हणतील, पण फोन म्यूटवर. पुढच्या रहस्याला जोडी बदलायची. मे महिना मातेचा आहे, सुरुवातीला हीच वेळ चांगली. पोपसाहेबांनी महिनाभर जगातल्या ३० मारियास्थळांतून जपमाळ ठरवली आहे, त्यात वेलंकणी आहे. तमिळ घरांना हे आवर्जून सांगा.

लसीचंही याच वहीतून. १ मेपासून १८ ते ४४ वयाला कोविनवर आधी नोंदणी सक्तीची आहे. एका मोबाइल नंबरवर चारजणांची होते. ओटीपी बटणाच्या फोनवर येतो, वेळ थोडा असतो. म्हणून नोंदणी करणाऱ्याने आधी दुसऱ्या फोनवरून त्या माणसाला लाइनवर घ्यायचं, मगच ओटीपी मागवायचा.

धर्मशिक्षक_वानवडी · ३ मे, दुपारी १.२०

संस्कारांबद्दल, कारण फॉरवर्डमध्ये बराच कचरा आहे.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून पापनिवेदन होत नाही. धर्मगुरू आणि माणूस प्रत्यक्ष समोर हवेत. अंतर ठेवून, मास्क लावून, बागेत किंवा गॅलरीत चालेल. जिथे तेही शक्य नाही तिथे परिपूर्ण पश्चात्ताप, म्हणजे देवावरच्या प्रेमापोटी झालेलं दुःख आणि शक्य होताच निवेदन करण्याचा ठाम निश्चय. तेवढ्याने गंभीर पापांचीही क्षमा होते, असं धर्मशिक्षणाच्या ग्रंथात १४५२ क्रमांकाला आहे. गेल्या वर्षी २० मार्चला रोमने (व्हॅटिकनने) करोनाच्या रुग्णांसाठी पूर्ण दंडमुक्तीही (क्षमा झालेल्या पापांच्या उरलेल्या शिक्षेतून सुटका) जाहीर केली आहे; घरच्यांना हे फोनवर सांगा, मोठा दिलासा असतो.

रविवारची मिस्सा टीव्हीवर पाहून 'भागते' का? प्रश्नच चुकीचा आहे. जाणं अशक्य असलं की बंधनच राहत नाही (चर्चच्या कायद्याचं कलम, कॅनन १२४८). कुटुंबाने मिळून वाचनं वाचून प्रार्थना करावी, अशी शिफारस तिथेच आहे. म्हणून लाइव्ह दिसलं नाही म्हणून अपराधी वाटून घेणाऱ्या आज्यांना तसं स्पष्ट सांगा.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावण्याचा संस्कार, फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. निकडीला फक्त कपाळावर एकदा लावून पूर्ण शब्द म्हटले तरी पुरतं, आणि गंभीर कारण असेल तर हाताऐवजी साधन वापरता येतं (कॅनन १०००). म्हणजे कापसाची काडी. प्रत्येकासाठी नवी, वापरलेली नंतर जाळायची. इस्पितळात फादरांना आत सोडतील की नाही ते आधी नर्सिंगच्या प्रमुखांना विचारा; दारात जाऊन वाद घालण्यात वेळ जातो.

बाप्तिस्मा: बाळाचा जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतं, नर्ससुद्धा. साधं पाणी डोक्यावरून वाहील असं तीनदा ओतायचं, नुसता ओला हात लावायचा नाही, आणि त्याच वेळी म्हणायचं: नाव घेऊन, 'मी तुझा बाप्तिस्मा करतो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.' ओतणारा आणि बोलणारा एकच हवा. 'आम्ही' म्हणायचं नाही. गेल्या ऑगस्टमध्ये रोमने 'आम्ही' म्हणून दिलेला बाप्तिस्मा अवैध ठरवलाय. नंतर दिनांक, वेळ, देणाऱ्याचं आणि साक्षीदाराचं नाव लगेच फादरांना कळवा. नोंदवहीत नोंद करायची राहून गेली की पुढे लग्नाच्या वेळी घोळ होतो.

अंत्यसंस्काराला वीसचीच मर्यादा आहे, नावं आधीच ठरवा. दहन करावं लागलं तर घाबरू नका, चर्चला १९६३पासून ते मान्य आहे. फक्त अस्थी घरी ठेवायच्या किंवा विसर्जित करायच्या नाहीत, दफनभूमीत ठेवायच्या.

हिशेबनीस · ३ मे, रात्री १०.३०

यूपीआयचं थोडक्यात. खातं चर्च ट्रस्टचंच हवं, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर पैसे नकोत, कितीही विश्वासू माणूस असला तरी. संदेशाची जागा लोक रिकामी ठेवतात, म्हणून शेवटच्या आकड्यावरून ओळखा: १ म्हणजे मिस्सा, २ म्हणजे गरीब निधी, ३ म्हणजे चर्चची देखभाल. ५०२ आले की न विचारता शिध्याच्या खात्यात. मिस्सेसाठी मात्र कोणाकरता आणि कोणत्या तारखेला, ते ठरावीक नंबरवर वेगळं कळवायलाच लावा.

आणि लाइव्हवर वीस नावं एका दमात वाचण्याची सवय लागली आहे, ती तपासा. एका मिस्सेला एकच हेतू (ज्याच्यासाठी ती अर्पण करायची तो), असा नियम आहे. सामूहिक हेतूची मिस्सा चालते, पण देणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगून, त्यांच्या संमतीने आणि आठवड्यात दोनदापेक्षा जास्त नाही.

सचिव_नगररोड · ४ मे, सकाळी ७.५०

नखाची टकटक करून पाहिली. ऐकू आली! पिन तीन पट्ट्यांचीच होती. चार पट्ट्यांची मागवली आहे.

एक शंका: झोनमध्ये ३१ घरं, जपमाळेच्या एका कॉलवर पाच. बाकीच्यांचं काय?

समूह_समन्वयक · ४ मे, सकाळी ८.३०

सगळ्यांना रोज जोडायचं नाही, भाऊ. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे ते लाइव्हवर आहेत. आधी वहीतून बटणाचे फोन मोजा. झोनमागे दहा-बारा निघतील. त्यांचे दोन-तीन गट, ७ वाजता, साडेसातला आणि आठला. लावून देणारा प्रत्येक वेळी वेगळा ठेवा, नाहीतर एकाच्याच फोनची बॅटरी आणि घसा दोन्ही बसतात. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांना शेवटच्या गटात घ्या; त्यांना स्पीकरवर लावायला घरातलं कोणीतरी तोपर्यंत कामावरून आलेलं असतं.

जुना_साक्रिस्तान · ४ मे, दुपारी ४.१०

इमारतीकडेही बघा. पवित्र पाण्याची भांडी आणि फुलदाण्या रिकाम्या करून पालथ्या घाला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. वायरलेस माइकच्या बॅटऱ्या काढून ठेवा, गळल्या की माइक गेला. कीबोर्ड आणि अँप्लिफायर आठवड्यातून पंधरा मिनिटं चालू करा. पावसाच्या आत पन्हाळी साफ, कबुतरांनी महिनाभरात घरटी घातलेली असणार. आणि पवित्र पेटीपुढचा (जिथे पवित्र भाकर ठेवतात) दिवा विझू देऊ नका. तेल भरायला येणाऱ्याचं नाव वार लावून भिंतीवर चिकटवा.