ब्रेक्झिटने ब्रिटनचं नेमकं किती नुकसान झालं? कोणाचं खरं मानायचं?

लेस्टरकर:
परवा आमच्याकडे जेवायला आलेल्या मंडळींत ब्रेक्झिटवरून, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला त्यावरून, चांगलीच जुंपली. एकाचं म्हणणं, देशाचं ४ टक्के नुकसान झालंय, हे सरकारी आकडेच सांगतात. दुसरा म्हणाला, २०१६ साली अर्थखात्याने जनमताचा कौल बाहेर पडण्याच्या बाजूने लागला तर लगेच मंदी येईल असं सांगितलं होतं, ती आली का? मग आताच्या आकड्यावर का विश्वास ठेवू? मला दोघांचंही खोडता आलं नाही. इथे कोणी प्रत्यक्ष आयात-निर्यातीत असेल तर सांगा.

डिस्पॅचवाली:
मी मिडलंड्समधल्या एका छोट्या खाद्यपदार्थ कंपनीत डिस्पॅच बघते. तूप, पनीर, मसाले, लोणची.

आधी ते ४ टक्के. हा ओबीआर या स्वतंत्र सरकारी संस्थेचा अंदाज आहे. अर्थव्यवस्था तेवढी आकसली असा त्याचा अर्थ नाही. संघात राहिलो असतो तर जी उत्पादकता असती, तिच्यापेक्षा ती दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील, एवढंच तो सांगतो. राहिलो असतो तर काय झालं असतं हे कोणी पाहिलंय? मध्ये कोविड आला, युक्रेन युद्धाने गॅस भडकला. म्हणून हा वाद मिटत नाही. अर्थखात्याची तातडीच्या मंदीची भीती चुकली, हे खरंच आहे. पण निकालाच्या त्या एका रात्रीत पाउंड दीड डॉलरवरून १.३३ च्या आसपास आला, आणि बाहेरून येणारं सगळं महागलं, हेही खरं.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. २०२० संपेपर्यंत आयर्लंडमधल्या, म्हणजे युरोपीय संघातल्या, डब्लिनच्या दुकानदाराचा सकाळी फोन आला की दुपारी माल ट्रकवर. इन्व्हॉइस आणि डिलिव्हरी नोट, बास. १ जानेवारी २०२१ ला युरोपीय संघाशी नवा करार लागू झाला, 'शून्य जकात' म्हणून आमच्या मालकांनाही हायसं वाटलं. पण शून्य जकात मिळते ती माल मुळात ब्रिटनचा असेल तर. आमची मिरी केरळची. इथे पाकिटात भरली म्हणून ती ब्रिटिश होत नाही.

तुपाचं तर विचारूच नका. दर खेपेला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पॅलेटभर तूप असो नाहीतर चार डबे, सहीचा खर्च फारसा बदलत नाही. पूर्वी एकाच ट्रकमध्ये बऱ्याच दुकानांचा माल एकत्र जायचा. आता त्यातल्या एकाच्या कागदात तारीख चुकली तरी बाकी सगळ्यांचा माल बंदरात अडकतो, आणि पनीर तर थांबत नाही. शेवटी आम्ही छोट्या गिऱ्हाइकांना नाही म्हणायला लागलो. मोठ्या कंपन्यांनी आयर्लंड, नेदरलँड्समध्ये गोदामं घेतली. आम्हाला ते कुठलं परवडायला! वर तिकडून इकडे येणाऱ्या मालाची तपासणी इथल्या सरकारने सारखी पुढे ढकलली, ती २०२४ मध्ये सुरू झाली. तोवर त्यांचं चीज बिनदिक्कत इकडे येत होतं आणि आमचं तूप कागदांत अडकत होतं. याचा मला आजही राग येतो.

कारखाना बंद पडला की बातमी होते. न गेलेल्या चार डब्यांची कुठे होते?

हाउन्स्लो_वेस्ट:
ताई, तुमचा त्रास खराच आहे, पण एका टेबलावरून देश मोजता येत नाही. सेवांची निर्यात चांगली वाढली आहे. संघात राहिलेल्या जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं आकसली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पनी युरोपवर २० टक्के आयातशुल्क जाहीर केलं, ब्रिटनवर १०. आणि २४ जुलै २०२५ ला भारताशी मुक्त व्यापार करार झाला. संघात असतो तर स्वतंत्रपणे तो करताच आला नसता. मी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं, आजही देईन.

डिस्पॅचवाली:
दादा, भारताच्या कराराचा मलाही आनंद आहे, आमचा अर्धा कच्चा माल तिकडूनच येतो. पण त्याचा फायदा सरकारनेच दीर्घकाळात जीडीपीच्या ०.१३ टक्के धरलाय. तोही अंदाजच, बऱ्याचशा त्याच पद्धतीने काढलेला. तो मानायचा आणि ४ टक्क्यांचा उडवून लावायचा, हे कसं चालेल? ब्रिटनच्या निर्यातीतला ४० टक्क्यांहून जास्त वाटा आजही युरोपीय संघाकडेच जातो. जर्मनीचं दुखणं महाग गॅसचं आणि मोटारींचं आहे, ते संघात राहिल्यामुळे झालं असं म्हणता येत नाही.

सेवांचं तुमचं बरोबर आहे. लंडनच्या सल्लागाराला पशुवैद्याची सही लागत नाही. फटका बसला तो वस्तू पाठवणाऱ्यांना, त्यातही छोट्यांना.

लेस्टरकर:
म्हणजे आता काही सुधारणार आहे की हे असंच?

डिस्पॅचवाली:
१९ मे २०२५ ला ब्रिटन आणि युरोपीय संघ, दोन्ही बाजूंनी अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरवलं. बदल्यात ब्रिटनने त्या बाबतीत युरोपचे नियम पाळायचे. तो प्रत्यक्षात आला तर तुपावरची सही बहुतेक जाईल. मिरीचं काही बदलणार नाही, कारण माल मुळात कुठल्या देशाचा हा प्रश्न युरोपच्या जकात संघाबाहेर (आपसात जकात न लावणाऱ्या आणि बाहेरच्या मालाला एकच जकात लावणाऱ्या देशांच्या गटाबाहेर) आहोत तोवर राहणारच.