लिंक पाठवा, पण शेपूट कापून

(एका मंचावरचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. धागालेखक : अर्धा कप.)

अर्धा कप

गेल्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. एका रीलवाल्या ॲपवर माझं टोपणनावाचं खातं आहे. तिथे मी पुढाऱ्यांच्या नकला करतो. घरी कुणाला माहीत नाही. म्हणजे, नव्हतं. तिथलीच एक मांजराची रील 'शेअर' दाबून घरच्या ग्रुपवर टाकली. मावशीने उघडली तर वर पाटी : अमक्याने तुम्हाला ही रील पाठवली आहे. अमका म्हणजे माझं ते टोपणनाव. मावशी तिथून थेट माझ्या नकलांपर्यंत पोचली. आता दर रविवारी फोनवर फर्माईश असते, "ते टँकरवालं भाषण करून दाखव रे."

तेव्हापासून लिंकांकडे नीट बघायला लागलो. पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे जे लटांबर, म्हणजे शेपूट, असतं, त्यातलं बरंचसं आपल्यासाठी नसतंच. 'यूटीएम'ने सुरू होणारे तुकडे सांगतात की वाचणारा कुठल्या जाहिरातीतून किंवा कुठल्या मेलमधून आला. फेसबुकवरून बाहेर पडलेल्या लिंकला २०१८ पासून 'एफबीसीएलआयडी' चिकटतं. यूट्यूबच्या शेअर बटणातून निघालेल्या लिंकला 'एसआय'. बातमी वाचायला किंवा गाणं ऐकायला यातलं काहीही लागत नाही.

तर माझं म्हणणं : बातमी असो, राजकारण असो, नाहीतर दोन तोंडांच्या सापाची गंमत असो, शेपूट कापून पाठवा. आखूड केलेली लिंक, जिच्यात खरा पत्ता दिसतच नाही, ती नको. आणि आपण ती का पाठवतोय ते एका ओळीत लिहा. 'नक्की वाचा' ही ओळ धरली जाणार नाही.

खिडकीशेजारी

हे सगळं सोवळं झालं. व्हॉट्सॲपकडे तुमचा नंबर आहे, कोणाशी किती वाजता बोलता त्याचा अंदाज आहे. दुकानात दोनशे रुपयांचा टॉवेल घेतला तरी तुम्ही मोबाइल नंबर सांगता. आणि शेपटीचं काय घेऊन बसलात? ओलेत्याने नैवेद्य रांधायचा आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, त्यातला प्रकार.

शिवाय माझ्या वडिलांचं वय ७६. त्यांना 'पुढे पाठवा'चा बाण कुठे असतो हे शिकवायला मला एक गणेशोत्सव लागला. त्यांना आता कापाकापी शिकवू? ते पाठवणंच बंद करतील. सकाळी साडेसहाला त्यांची लिंक आली की मला कळतं, उठलेत, चहा झालाय, तब्येत बरी आहे. लिंक मी उघडतही नाही.

अर्धा कप

दुकानात नंबर देतो तो माझा मी देतो, मूर्खपणा असेल तर तोही माझाच. शेपटीतून जे जुळवता येतं ते वेगळं : कुणी पाठवलं आणि पुढे कुणी उघडलं. मावशीला माझ्या खात्याशी जोडून द्यायचा मला काय अधिकार?

वडिलांचं मात्र पटलं. त्यांना सूट.

पोस्टमन

सूट वगैरे नंतर. धागालेखकांनी 'शेपूट' हा शब्द वापरून घोळ केलाय, कारण उद्या लोक प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं सरसकट उडवतील. ब्राउझरमध्ये यूट्यूबचा व्हिडिओ उघडा आणि पत्ता बघा. प्रश्नचिन्हानंतर 'व्ही बरोबर' आणि अकरा अक्षरं. तो त्या व्हिडिओचा क्रमांक आहे, तो कापलात तर काहीच उरत नाही. कितीतरी सरकारी साइटींवर कागदपत्राचा क्रमांक असाच प्रश्नचिन्हाच्या मागे असतो. काही वृत्तपत्रं वर्गणीदाराला 'भेट' म्हणून लेख पाठवू देतात, तिथे शेपटीतच किल्ली असते. ती कापली की समोरच्याला दार बंद.

म्हणून हाताने कापू नका. फायरफॉक्समध्ये नोव्हेंबर २०२३ पासून माग काढणारे तुकडे गाळून लिंक कॉपी करायची सोय आहे. आयफोनवर आयओएस १७ पासून मेसेजेस आणि मेलमध्ये ओळखीचे तुकडे आपोआप गळतात. तेही सगळं पकडत नाहीत, पण डोळे झाकून कात्री चालवण्यापेक्षा बरं.

आणखी एक, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकताना फोटो आणि मथळ्याचा जो चौकोन उमटतो, तो पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो. म्हणजे तुम्ही 'पाठवा' दाबण्याआधीच तुमचा फोन त्या साइटवर जाऊन आलेला असतो. समोरच्याचा फोन त्याने टिचकी मारेपर्यंत तिकडे फिरकत नाही. नको असेल तर गोपनीयतेच्या प्रगत सेटिंगमध्ये हा चौकोन बंद करता येतो.

वाकडी वाट

आखूड लिंकांबद्दल पूर्ण सहमत, पण कारण वेगळं. मला जगभरच्या चमत्कारिक गोष्टी जमवायचा नाद आहे, वहीभर लिंका आहेत. त्यातल्या कित्येक 'गू डॉट जीएल'च्या, म्हणजे लिंका आखूड करून देणाऱ्या गूगलच्या सेवेच्या. ती सेवा बंद होणार हे २०१८ मध्ये जाहीर झालं, २०१९ मध्ये नव्या लिंका करणं थांबलं. मग सांगितलं की २५ ऑगस्ट २०२५ नंतर जुन्याही चालणार नाहीत. तारखेच्या काही आठवडे आधी थोडी माघार घेतली : ज्या वापरात आहेत त्या राहतील, झोपलेल्या जातील. आता माझ्या वहीतल्या कोण कधी झोपल्या, मी काय सांगू?

अवांतर : लिंका आखूड करणाऱ्याच 'बिट डॉट एलवाय'मधलं 'एलवाय' म्हणजे लिबिया. २०१० मध्ये 'व्हीबी डॉट एलवाय' नावाची छोटी सेवा लिबियाने आपल्या कायद्यात बसत नाही म्हणून काढूनच घेतली. पुण्यातून नागपूरला पाठवलेल्या लिंकेची नाळ त्रिपोलीत!

आणि पूर्ण लिंक तरी कुठे टिकते? प्यू या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये मोजलं, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांत गायब. मी आता प्रत्येक लिंकेसोबत वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवरची प्रतही साठवते.

साक्रीकर

तुमच्या चर्चेत माग काढणं म्हणजे काहीतरी वाईट, असा सूर आहे. मी उलटं बोलणार आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागायला आलेली. त्या काळात देशभर अशा अफवांबरोबर जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीत केलेली जनजागृतीची फिल्म होती. मोटारसायकलवाले मूल उचलतात, आणि शेवटी मूल परत आणून सोडतात. तो शेवट कुणीतरी कापला होता. शेपूटच म्हणा.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. माझा मुद्दा असा की तो व्हिडिओ लिंक म्हणून फिरला असता, तर कुणी तरी मुळापर्यंत गेलं असतं. लिंकेला घर असतं, फॉरवर्डला नसतं. म्हणून शेपटीसकट पाठवा, पण लिंकच पाठवा. स्क्रीनशॉट आणि कापलेला व्हिडिओ नको.

पोस्टमन

साक्रीकर, लिंकच पाठवा याला शंभर टक्के मान्यता. पण 'घर असतं' म्हणजे ते घर खरं असतं असं नाही ना. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या साइटी आहेत, चलान भरा म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये शिरणारं ॲप, उतरवायला लावणाऱ्या लिंका आहेत. तिथे पूर्ण पत्ता दिसायला हवा, आणि शेपटीच्या जंगलात नेमका तोच वाचता येत नाही. कापण्याचं मला पटणारं कारण हे.

नाममात्र

मी सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन. १४० सभासद. निवडणुकीत राजकीय लिंकांनी जीव नकोसा केला म्हणून मी सरसकट बंदी घातली आहे. शेपूट असो वा नसो. काही झालं तर पोलिस ॲडमिनला धरतात.

वाकडी वाट

हे जुनं भय आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. भय कुठून आलं तेही कळतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली, त्यातल्या एकीने फक्त 'लाइक' केलं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६-अ कलमाचं नाव त्या प्रकरणाने घरोघरी पोचलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

बंदी घाला, ग्रुप तुमचा. पण भीतीपोटी घालत असाल तर नका घालू. आणि पाणीपट्टीची बातमी तुमच्यात राजकीय की बिगरराजकीय?

नाममात्र

त्यावरूनच दोघांनी ग्रुप सोडला.

अर्धा कप

पोस्टमनसाहेबांचं मान्य, 'शेपूट' शब्द घाईत वापरला. साक्रीकरांना उत्तर द्यायला अजून शब्द सापडत नाहीयेत. माझी ती एक ओळ मात्र मी सोडत नाही. 'हे मी का पाठवतोय' लिहायला बसलो की निम्म्या लिंका माझ्याच मी पुसतो. राजकीय तर जवळजवळ सगळ्याच, कारण खरं उत्तर असतं, 'समोरच्या काकांना डिवचायला.'

खिडकीशेजारी

काल वडिलांना धागा वाचून दाखवला. मला वाटलं हसतील. त्यांनी गंभीरपणे घेतलं आणि रात्री बसून सराव केला. आज सकाळी साडेसहाला लिंक आली. शेपूट कापता कापता त्यांनी पार मुंडक्यापर्यंत कापलीय, उघडलं की त्या वृत्तपत्राचं पहिलं पान येतं. खाली कारणाची ओळ आहे : "पाठवली कारण रोज पाठवतो."

कारण चालेल का, धागालेखक?