पाठ रोझवूडची नसली तरी चालेल

हातबनावटीच्या गिटारचा गोडवा रोझवूडच्या (शिसवी जातीच्या लाकडाच्या) पाठीमुळे येतो, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. मला नाही पटत. अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, फक्त वरची, तारांखालची फळी स्प्रूस या हलक्या लाकडाची ठेवली. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हेच त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

हाताच्या कामाचा फायदा इथेच. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्याही सारख्या ताठ नसतात. चांगला कारागीर फळी वाकवून, टिचकी मारून बघतो आणि तिच्या अंगानुसार पातळ करतो, आतल्या पट्ट्या तासतो. कारखान्यात सगळ्यांना एकच माप, तेही तुटू नये म्हणून जरा जाडच.

आता गिटार वाजवताना बोटं दुखतात, ही नेहमीची तक्रार. स्टीलच्या तारांच्या गिटारला बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) सर्वांत जाड तारेची फ्रेटपासूनची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा, केसाएवढीच हवी. जास्त असेल तर दोष नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचांचा, पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबायच्या एफ कॉर्डला म्हणूनच घाम फुटतो.

पण तारा खाली आणायला पावसाळ्यात सॅडल (वरच्या फळीवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासू नका! दमट हवेत फळी फुगते, तारा वर जातात. मी जुलैत घासलं आणि मार्चच्या कोरड्या हवेत फळी खाली बसून सगळ्या तारा खरखरायला लागल्या. तंबोऱ्याला जवारी शोभते हो, गिटारला नाही. नवीन सॅडल बसवावं लागलं.