एकट्या घोडीला सोबत कोणाची द्यावी?

विचारणा (चोपडा तालुका)
आमच्या मळ्यात एक काठियावाडी घोडी आहे. तिच्या जोडीची म्हातारी घोडी पावसाळ्यात दगावल्यापासून ती दावणीपाशी उभ्या उभ्या डुलत राहते, गव्हाणीची कड चावते आणि रस्त्याने वरातीची घोडी गेली की बराच वेळ खिंकाळते. चांगला घोडा विकत घेणे सध्या परवडणारे नाही. घरच्या म्हशी आणि बकऱ्या आहेतच. त्यांपैकी कोणी जवळ बांधले तर चालेल, की गाढव आणावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (शहादा)
डुलणे आणि लाकूड चावणे यांमागे एकटेपणाइतकेच दिवसभर बांधून ठेवणे आणि वैरणीत मोठा खंड पडणे हेही कारण असते, म्हणून आधी तिला कुंपणातल्या मोकळ्या जागेत सोडावे आणि वैरण थोडी थोडी, पण दिवसभर मिळेल अशी ठेवावी. सोबतीचे म्हणाल तर घोड्याला घोडाच हवा. दोन घोडी समोरासमोर उभी राहून एकमेकांची मानेच्या बुडाशी, खांद्यांमधल्या उंचवट्याजवळची जागा दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवल्यास हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले होते. शिवाय घोडा गाढ झोपतो तो आडवा होऊनच, आणि जवळ दुसरा जागा उभा असला तर तो अधिक निर्धास्तपणे आडवा होतो. बकरी किंवा म्हैस यांतले फारसे काही देऊ शकत नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारात चाल, रंग आणि अंगावरचे केसांचे भोवरे पाहून भाव ठरतात. आपल्याला मात्र स्वभाव पाहायचा आहे, त्यामुळे स्वारीतून निवृत्त झालेली शांत घोडी किंवा तट्टू तुलनेने स्वस्तात मिळू शकते. खच्ची न केलेला घोडा मात्र आणू नये.

उत्तर (पशुवैद्यक, धुळे)
वरील मताशी मी सहमत आहे. गाढव हा दुसरा पर्याय ठरतो, परंतु त्याची गाठ सहसा दुसऱ्या गाढवाशीच घट्ट बसते, आणि घोड्याच्या खुराकावर ते लवकर लठ्ठ होते. गाढवाच्या फुप्फुसात जंत असूनही ते ठणठणीत दिसते, पण तेच जंत घोडीला लागले की तिला चिवट खोकला सुरू होतो. म्हणून आणण्यापूर्वी शेणतपासणी करून जंतनाशक द्यावे. याहून गंभीर प्रश्न ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाचा आहे. हा रोग घोडा, गाढव आणि खेचर या तिघांनाही होतो, माणसालाही लागू शकतो, त्यावर लस नाही आणि २००९ च्या कायद्यानुसार त्याची माहिती शासनाला देणे बंधनकारक आहे. त्यामुळे जनावर यात्रेतून आणा किंवा शेजारच्या गावातून, रक्ततपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, आणि आणल्यावरही दोन-तीन आठवडे वेगळे बांधून त्याचे पाण्याचे भांडे निराळे ठेवावे.

उत्तर (यावल तालुका)
तोवर बकऱ्यांची सोबत अगदीच निरुपयोगी नाही, कारण जवळपास कोणी जिवंत हालचाल करत आहे एवढ्यानेही काही घोडी शांत होतात. मात्र बिनशिंगी आणि किमान दोन बकऱ्या सोडाव्यात. एकटी बकरी स्वतःच ओरडत बसते आणि कधी कधी घोडीच्या शेपटीचे केसही कुरतडते. खाद्य पूर्णपणे वेगळे हवे. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, जे जनावरागणिक वेगळे वागते आणि घोड्याच्या हृदयाला थोड्या प्रमाणातही घातक ठरते. आपल्याकडे घरोघरी असणारी सरकीची ढेपही घोडीच्या तोंडी लागू देऊ नये. म्हशींना शिंगे असल्याने त्यांना एकाच कुंपणात ठेवणे मला योग्य वाटत नाही.

विचारणा करणारे
सर्वांचे आभार. ओळखीतल्या एकांकडे टांग्यातून सुटलेली वयस्कर घोडी आहे. तपासणी करून तिलाच आणण्याचे ठरवत आहे. दोघींना एकत्र कसे सोडावे?

उत्तर (शहादा)
विलगीकरण संपल्यावर काही दिवस मधे भक्कम आडवे बांबू ठेवून नाकाला नाक लागू द्यावे. नंतर कोपरे नसलेल्या मोकळ्या जागेत, मागच्या पायांचे नाल काढून आणि वैरणीचे ढीग दोघींपेक्षा एखादा जास्त, दूर दूर ठेवून सोडावे. कान पाडणे, किंचाळणे आणि थोडी लाथाळी होईलच. एक घोडी दुसरीला खाण्या-पिण्यापासून सतत हाकलत राहिली, तरच पुन्हा वेगळे करावे.