ई-बुक प्रकल्पाच्या टीममध्ये दिव्यांग सहकारी हवे आहेत. निमंत्रणाआधी काय तयारी करावी?

वाचनालय_कार्यकर्ता
लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं उलटून स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तकं स्कॅन करून आम्हाला युनिकोड ई-बुकं करायची आहेत. टीम आठ-दहा जणांची. त्यात अंध, कर्णबधिर आणि व्हीलचेअर वापरणारे सहकारी पहिल्या बैठकीपासून हवेत, शेवटी तपासायला म्हणून नव्हे. पोस्टर आणि गूगल फॉर्म तयार आहे. पाठवण्याआधी काय बघू?

अक्षरजुळणी
पोस्टर हे चित्र आहे, स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातलं काही वाचता येणार नाही. सगळा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशातच टाइप करा, चित्र सोबत राहू द्या. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात असेल तर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाणित अक्षरसंचात) आणा. त्या फाँटात पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो. रूपांतरानंतर रफार आणि पहिली वेलांटी नीट पाहा, त्या हमखास जागा सोडतात.

फॉर्मसाठी विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवा. तो मोफत आहे आणि त्याच्या ईस्पीक आवाजात मराठी आहे. माउस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर फॉर्म पूर्ण भरून बघा, मग फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून पुन्हा. फाइल अपलोडचा प्रश्न काढा, त्याला गूगल लॉगिन लागतं. ज्यांना फॉर्म नको त्यांच्यासाठी एक नंबर द्या, त्यावर फोनही चालावा आणि मेसेजही.

वाचनालय_कार्यकर्ता
फॉर्ममध्ये दिव्यांगत्वाचा प्रकार आणि यूडीआयडी (शासनाच्या दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक विचारला आहे. राहू द्यावा का?

सुगम्य_वाट
दोन्ही काढा. तुम्ही शासकीय लाभ देत नाही आहात, मग प्रमाणपत्र कशाला? प्रकार कळून सोय कळतही नाही: अंशतः दिसणाऱ्या एकाला मोठा टाइप लागेल, दुसऱ्याला स्क्रीन रीडर. ‘काम करताना आणि बैठकीत कोणती सोय लागेल?’ एवढा एकच मोकळा प्रश्न ठेवा, तोही ऐच्छिक.

कर्णबधिरांपैकी अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, छापील मराठी नंतरची. म्हणून वाक्यं छोटी ठेवा आणि जमल्यास सांकेतिक भाषेतला दोनेक मिनिटांचा व्हिडिओ जोडा. बैठक तासापेक्षा मोठी असेल तर दुभाषी दोन लागतात. ते साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून काम करतात, कारण थकवा आला की मजकूर गळू लागतो. त्यांचं मानधन आधीच अंदाजपत्रकात धरा, विषयपत्रिका आणि पुस्तकांची नावं त्यांना आगाऊ पाठवा.

अक्षरजुळणी
कामाची वाटणीही आत्ताच ठरवा. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) ‘घ-ध’, ‘भ-म’ यांत गोंधळतं. वाचताना डोळा सवयीनं ‘धर’चं ‘घर’ करून पुढे जातो, पण स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्याला ते लगेच खटकतं. उलट ‘दिन-दीन’ कानाला निसटतं. तेव्हा प्रत्येक प्रकरण एकानं ऐकून आणि एकानं पाहून तपासावं. प्रगतीच्या तक्त्यात मर्ज करून जोडलेले रकाने नकोत, आणि नुसता हिरवा-लाल रंग न देता ‘झालं’, ‘बाकी’ असं लिहा. पुस्तकं निवडणं आणि वेळापत्रक आखणं हेही सगळ्यांच्याच हातात हवं, नाहीतर दिव्यांग सहकाऱ्यांकडे तपासणीच उरते आणि ते सोडून जातात.

वाचनालय_कार्यकर्ता
वाचनालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. फळी टाकली तर चालेल?

सुगम्य_वाट
नाही. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची, त्याला ५.४ मीटर लांबी लागते. आखूड फळीवर खुर्ची मागे कलंडू शकते. तेवढी जागा नसेल तर तळमजल्यावर पायरी नसलेली शाळेची खोली घ्या. दार ९० सेंटिमीटर रुंद हवं आणि स्वच्छतागृहात खुर्ची वळायला १५० सेंटिमीटर मोकळी जागा. ही मापं टेपनं स्वतः घ्या. निमंत्रणात ‘सर्वांसाठी सोयीचं’ असं मोघम न लिहिता रॅम्प, दार, स्वच्छतागृह जसं आहे तसं लिहा, आणि सोय कळवायला बैठकीआधी किमान तीन आठवडे द्या. दुभाषी आयत्या वेळी मिळत नाहीत.