मदत हवी आहे: ब्वेनोस आयरेसमध्ये एक आठवडा, पाठीवर सॅक, एक जण पक्का शाकाहारी

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि नवरा अर्जेंटिनाला जातोय. हातात एक आठवडा आहे आणि तो आख्खा ब्वेनोस आयरेस शहरातच काढायचा असं ठरवलंय. तिकिटं आणि व्हिसा झालेत, राहायची जागा ठरायची आहे. आम्ही दोघं चाळिशी ओलांडलेली, सॅक टाकून पायी हिंडणारी माणसं. होस्टेलमधली दोघांची खोली चालते, स्वयंपाकघर वापरायला मिळालं तर फारच बरं. तो शाकाहारी आहे, अंडं खातो. मी सगळं खाते.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचा पहिला प्रश्न एकच, "म्हणजे इग्वासूचा धबधबा नाही बघणार?" धबधब्याशी माझं काही वैर नाही. पण बसने एका बाजूचे सतरा-अठरा तास लागतात, आणि विमानाने गेलं तरी ये-जा धरून दोन दिवस जातातच. मग शहरासाठी उरतं ते नुसतं धावत बघणं. आम्हाला एका ठिकाणी रुळायचंय. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने तिसऱ्या दिवशी ओळखीचं हसावं, एवढी तरी ओळख व्हावी. म्हणून कळकळीची विनंती, इग्वासू, पातागोनिया वगैरे सुचवू नका. या शहराबद्दलच सांगा.

माझ्या मनात पहिलं आहे ते गुरुवारचं. प्लासा दे मायो या चौकात दर गुरुवारी दुपारी साडेतीनला 'मायोच्या माता' फेरी घालतात. १९७६ ते ८३ या लष्करी राजवटीत ज्यांची मुलं उचलून नेली आणि परत आलीच नाहीत, त्या या आया. ३० एप्रिल १९७७ ला पहिल्यांदा जमल्या तेव्हा जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. म्हणून त्या चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या, आणि ते चालणं अजून थांबलेलं नाही. ज्या थोड्या उरल्यात त्या नव्वदीच्या आसपास आहेत. मला तिथे जाऊन उभं राहायचंय, पण बघ्यासारखं नाही. बाहेरच्या माणसाने सोबत चाललं तर चालतं का? फोटो काढावेत का?

दुसरं, रवींद्रनाथ. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये पेरूला जाताना ते इथे आजारी पडले आणि डॉक्टरांनी पुढचा प्रवास थांबवला. व्हिक्टोरिया ओकाम्पो या तिथल्या लेखिकेने त्यांच्यासाठी सान इसिद्रोत नदीकाठचं 'मिरालरिओ' हे घर मिळवलं. जवळजवळ दोन महिने ते त्या घरी होते. ते तिला विजया म्हणत. पुढे १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेही तिच्याच खटपटीने. मिरालरिओ खाजगी आहे असं वाचलंय, पण तिचं स्वतःचं घर, व्हिला ओकाम्पो, बघता येतं. ते आणि तीग्रेचा त्रिभुज प्रदेश एकाच दिवशी जमेल का? दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर दिसतायत.

आणि टँगो. जेवण, वाइन आणि रंगमंचावरचे नर्तक असलेला महागडा शो नको. जिथे तिथलीच माणसं संध्याकाळी नाचायला जातात ती मिलोंगा बघायची आहे. आम्हाला नाचता येत नाही. नुसतं बसलेलं चालतं का?

राहायला सान तेल्मो बरं की पालेर्मो? सगळ्या याद्यांमध्ये ही दोनच नावं आहेत. शाकाहाराचं काय करावं? आणि पैसे डॉलरमध्ये न्यावेत की कार्डावर भागेल?

आगाऊ आभार. सविस्तर लिहिलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद

ताई, आख्खा आठवडा शहरासाठी ठेवलात हे उत्तम केलंत. मी नोकरीनिमित्त तिथे राहिलोय, म्हणून आधी शाकाहाराबद्दल, कारण गाडी तिथेच अडते.

तिथे 'मांस नको' म्हटलं की पुष्कळांना फक्त बीफ नको असं वाटतं. हॅम, म्हणजे 'हामोन', हे मांसात धरतच नाहीत. म्हणून दरवेळी पूर्ण सांगायचं: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो'. पोयोचा उच्चार तिथे 'पोशो' होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चरबी. एम्पानादाच्या, म्हणजे तिथल्या करंजीच्या, पारीत बऱ्याचदा गायीची चरबी असते, सारण नुसतं मक्याचं असलं तरी. 'ग्रासा' आहे का, हे विचारा. सकाळी कॉफीबरोबर मिळणारे मेदियालूना, म्हणजे तिथले क्रोसाँ, दोन तऱ्हेचे असतात. 'दे मान्तेका' लोण्याचे, ते घ्या. 'दे ग्रासा' चरबीचे, ते साहेबांना देऊ नका.

मात्र पोट भरायला पिझ्झा आहे. इटलीहून आलेल्यांनी शहर घडवलंय, त्यामुळे पिझ्झा हे तिथलं रोजचं जेवण. कोरिएन्तेस रस्त्यावरच्या जुन्या पिझ्झेरियांमध्ये काउंटरपाशी उभं राहून तुकड्यावर खातात. 'फुगासेता' मागा, भरपूर कांदा आणि चीज. त्यावर 'फाइना' ठेवून खायची पद्धत आहे. ती हरभऱ्याच्या पिठाची असते, आपल्या जाड धिरड्यासारखी. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला भरून आलं होतं. ताजा पास्ता सगळीकडे मिळतो, फक्त सॉस विचारून घ्या. डाळी, कडधान्यं, सुकामेवा 'दिएतेतिका' नावाच्या छोट्या दुकानांत सुटे मिळतात आणि ही दुकानं प्रत्येक वस्तीत असतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्याच.

रात्री आठच्या आधी जेवायला कोणी वाढणार नाही. लोक नऊ-दहाला जेवतात. मधल्या वेळची भूक धरून चला.

राहायला मी आल्माग्रो सुचवेन. तुमच्या यादीत नाही, पण भुयारी रेल्वेच्या अ आणि ब या मार्गांनी दहा-पंधरा मिनिटांत मध्यवर्ती भागात पोचता. वस्ती साध्या कुटुंबांची, आणि भाजीवाला ओळखू लागेल अशी. अ मार्ग १९१३ चा आहे, दक्षिण गोलार्धातली पहिली भुयारी रेल्वे. सान तेल्मो सुंदर आहे, पण रविवारच्या देफेन्सा रस्त्यावरच्या बाजारासाठी जायचं आणि परत यायचं. बस-रेल्वेच्या तिकिटाचं 'सुबे' कार्ड एकच घेतलं तरी दोघांना पुरतं, दोनदा टेकवायचं. भुयारी रेल्वे रात्री अकराच्या आसपास बंद होते, मिलोंगा तेव्हा जेमतेम रंगात येते. परतीला टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

प्रतिसाद

मी गुरुवारच्या फेरीबद्दल सांगते, आम्ही दोघी बहिणी गेलो होतो. चालता येतं. माता आणि त्यांचे सोबती पुढे असतात, मागून कोणीही सामील होतं. बेपत्ता झालेल्यांची नावं वाचली जातात आणि प्रत्येक नावावर सगळे 'प्रेसेन्ते', म्हणजे 'हजर', म्हणतात. तुम्हीही म्हणा. फोटो लांबून, तोंडापुढे मोबाइल धरून नाही. जमिनीवर पांढरे रुमाल रंगवलेले दिसतील, त्यांच्या डोक्यावरच्या रुमालाची ती खूण. स्तंभाच्या पायाशी आसुसेना विजाफ्लोर यांच्या अस्थी आहेत. या मातांना एकत्र आणणारी बाई तीच. डिसेंबर १९७७ मध्ये तिलाच उचललं, अवशेषांची ओळख पटायला २००५ उजाडलं.

याला जोडून नुन्येस भागातलं एस्मा बघा. नौदलाची ती शाळा होती, तिथे सुमारे पाच हजार माणसांना डांबलं होतं. २०२३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण गुरुवारीच नको. शुक्रवारी सकाळी जा, आणि त्या दुपारी दुसरं काही ठरवू नका. आम्ही त्या दिवशी बराच वेळ एका बाकावर गप्प बसून होतो.

व्हिला ओकाम्पो रोज उघडं नसतं, दिवस आधी बघून घ्या. आणि सान इसिद्रो स्टेशनवर उतरू नका, पुढचं 'बेकार' नावाचं स्टेशन जवळ पडतं. शहरातल्या रेतीरो स्टेशनवरून तीग्रेची लोकल पकडायची. सकाळी लवकर तीग्रे, तिथून बेटांवरच्या लोकांच्या रोजच्या लाँचने एक फेरी, आणि परतताना बेकारला उतरून घर. जमतं, घाई होत नाही.

ला बोका या वस्तीत २९ किंवा १५२ नंबरच्या बसने दिवसाउजेडी जा आणि कामिनीतोच्या आसपासचे रंगीत रस्ते सोडून आत शिरू नका. पाठीवर काहीतरी चिकट उडालं आणि लगेच कोणी रुमाल घेऊन पुसायला आलं तर थांबू नका, सॅक पोटाशी घेऊन चालू पडा. मोबाइल रस्त्याच्या कडेला हातात धरू नका.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. चरबीचं कुणीच सांगितलं नव्हतं, नवऱ्याने लगेच लिहून घेतलं. आल्माग्रोत खोली शोधतेय. सान तेल्मोसाठी रविवार, एस्मासाठी शुक्रवार पक्का. पैशांचं आणि मिलोंगाचं राहिलं तेवढं सांगाल?

प्रतिसाद

पैसे: जुन्या ब्लॉगांमध्ये रस्त्यावरच्या 'ब्लू' डॉलरच्या भावाचं वर्णन असतं, कधीकधी तो सरकारी भावाच्या दुप्पट असायचा. एप्रिल २०२५ मध्ये डॉलर खरेदीवरचे बरेच निर्बंध उठले, तेव्हापासून तो फरक फारसा उरलेला नाही. कार्ड वापरा, सोबत थोडे शंभराचे कोरे, न दुमडलेले डॉलर ठेवा. आणि शहर आता स्वस्त राहिलेलं नाही, त्या हिशेबाने बजेट करा.

मिलोंगा: नुसतं बसलेलं चालतं, कडेचं टेबल घ्या आणि काहीतरी प्यायला मागवा. नाचायला बोलावतात ते नजरेने आणि मानेच्या हलक्या झुकावाने. म्हणून नाचायचं नसेल तर कोणाच्या नजरेला नजर लावून बसू नका. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, मध्ये वेगळंच संगीत वाजतं आणि मजला रिकामा होतो. उठायचं, जागा बदलायची तर तेव्हाच. नाचणाऱ्यांच्या मधून कधीही जायचं नाही. पहिल्यांदा बेलग्रानोच्या टेकडीवरच्या बागेतल्या 'ला ग्लोरिएता'त जा. उघडा गोल मंडप आहे, आजीआजोबा आणि कॉलेजची पोरं एकत्र नाचतात. नोव्हेंबर म्हणजे तिकडचा वसंत, नीलमोहर फुललेला असेल.

एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून सांगतो. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना आहे. परत येताना मुंबईच्या विमानतळावर लशीचं पिवळं कार्ड मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो. या आठवड्यातच फोन करून तारीख घ्या.